स्वेटर, कोट आणि जॅकेटवरचे डाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे थंडी दोन-अडीच महिन्यांची पाहुणी. म्हणून एकेक जॅकेट दहा-बारा वर्षं पुरतं, आणि त्यावरचे डागही तेवढीच वर्षं सोबत करतात. आमचं घरचं लाँड्रीचं दुकान होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत काउंटरवर गरम कपड्यांचा ढीग असायचा. त्यातले कितीतरी कपडे साध्या डागाचे असायचे, पण घरी कुणीतरी त्यावर गरम पाणी, ब्रश आणि पावडर असा तिहेरी मारा करून झालेला असायचा. डाग काढता यायचा, आटलेला स्वेटर पुन्हा मोठा करता यायचा नाही. तेव्हा काउंटरवर जे प्रश्न यायचे आणि आता नातेवाईक फोनवर जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

डाग पडल्या पडल्या सगळ्यात आधी काय करायचं?

टिपायचं. घट्ट पदार्थ असेल तर चमच्याच्या कडेने वरच्यावर उचलायचा आणि मग पांढऱ्या सुती कापडाने, जुना पंचा असेल तर उत्तमच, दाबून दाबून ओल शोषून घ्यायची. कडेकडून मध्याकडे यायचं, म्हणजे डाग पसरत नाही. कापड पांढरंच हवं. घाईत रंगीत रुमालाने टिपलं आणि रुमालाचा रंग कोटावर उतरला, अशी गिऱ्हाइकं आम्ही पाहिली आहेत.

चोळायचं मात्र अजिबात नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि घर्षण एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि लोकरीची जट होते. नमदा मुद्दाम याच पद्धतीने बनवतात. तुमच्या स्वेटरचा नमदा व्हायला नको असेल तर हात आवरा.

लेबल कधीच कापून टाकलंय. कापड कसलं आहे हे कसं कळणार?

आतल्या शिवणीतून एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि बेसिनवर पेटवून बघा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर लोकर. वितळून टोकाला कडक मणी झाला, तर पॉलिस्टर, नायलॉन किंवा ॲक्रिलिक. केसांचा वास येतो याला कारण आहे. लोकर आणि केस दोन्ही केराटिन या एकाच प्रथिनाचे बनलेले असतात. हे लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच उत्तरांत उपयोगी पडेल.

हिवाळ्यात शहराशहरांत तिबेटी स्वेटरवाल्यांचे स्टॉल लागतात, तिथले स्वेटर बऱ्याचदा लुधियानाचे आणि ॲक्रिलिकचे असतात. ते लोकरीपेक्षा पाण्याला धीट असतात, पण गरम इस्त्री त्यांना चालत नाही.

लेबल शाबूत असेल तर तेवढंच वाचा. पाण्याच्या टबात हात म्हणजे हाताने धुवा, टबावर फुली म्हणजे पाण्यात घालू नका, त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. वर्तुळात पी किंवा एफ असेल तर ती खूण ड्रायक्लीनरसाठी आहे.

रोजची कपड्यांची पावडर लोकरीला का नको?

दोन कारणं आहेत. एक म्हणजे ती अल्कधर्मी असते आणि अल्कली लोकर खाते. दुसरं म्हणजे बऱ्याच चांगल्या पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात. सुती शर्टावरचा रक्ताचा, दुधाचा डाग त्यांच्यामुळेच सुटतो. पण लोकर स्वतःच प्रथिन आहे, त्यामुळे डागाबरोबर स्वेटरही कुरतडला जातो. रेशमालाही हेच लागू.

इझीसारखं लोकरीचं लिक्विड वापरा. नसेल तर साधा शांपू चालतो, जे केसांना चालतं ते लोकरीला चालतं. रिठ्याचं पाणी हा जुना आणि सौम्य उपाय, फक्त पांढऱ्या लोकरीवर त्याची पिवळसर छटा राहू शकते. क्लोरीनचं ब्लीच लोकरीला लावूच नका. पांढरी लोकर त्याने पांढरी होत नाही, पिवळी पडते आणि विरते.

कोणताही उपाय आधी आतल्या शिवणीवर किंवा कॉलरखाली करून बघा. पाच मिनिटांनी पांढऱ्या कापडाने टिपा. रंग कापडावर उतरला तर तो उपाय तिथेच सोडा.

लग्नात पांढऱ्या जॅकेटवर रस्सा सांडला. साबण लावला तर डाग लालभडक झाला! आता?

घाबरू नका, हळद अजून कापडात उरली आहे एवढाच त्याचा अर्थ. हळदीतला करक्युमिन हा रंग अल्कली लागली की लाल होतो. हळदीला चुना लागला की कुंकू होतं ते याच न्यायाने. तुम्ही जॅकेटवर कुंकू तयार केलंत एवढंच. साबण नीट विसळला, वर थोडं पाणी घातलेलं व्हिनेगर टिपलं, की तो परत पिवळा होतो.

रश्श्याच्या डागात खरं तर दोन डाग असतात, तेल आणि हळद, आणि क्रम चुकला की काम वाढतं. आधी तेल. त्यावर टाल्कम पावडर दाबून वीस-पंचवीस मिनिटं ठेवा आणि झटका. मग भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब कोमट पाण्यात घेऊन टिपा आणि साध्या पाण्याने विसळा. तेल गेलं की उरतो पिवळा रंग. करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. म्हणून कापसावर सर्जिकल स्पिरिट घेऊन टिपत राहा आणि बोळा पिवळा झाला की बदला. जवळपास गॅस, निरांजन काही नको.

शेवटचा आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ऊन. करक्युमिन उन्हात टिकत नाही. पांढरं किंवा फिकट जॅकेट असेल तर ओलसर डाग दोन-तीन दुपारी उन्हाला दाखवा, तो फिकट होत होत नाहीसा होतो. गडद कोट असेल तर कोटाचाही रंग उडेल. त्यावर आमच्या दुकानातली युक्ती अशी, की कोटावर जाड चादर टाकायची आणि डागाएवढीच जागा उघडी ठेवायची.

टपरीवरचा चहा बाहीवर सांडला तर?

आपला चहा दुधाचा, त्यामुळे यातही दोन गोष्टी असतात. दुधातलं प्रथिन आणि स्निग्धांश एकीकडे, चहातलं टॅनिन दुसरीकडे. गार पाण्याने टिपा, लोकरीच्या लिक्विडने दूध काढा, आणि तपकिरी छटा उरली तर एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी असं मिश्रण टिपा. गरम पाणी आणि इस्त्री डाग पूर्ण गेल्याशिवाय नको. उष्णतेने प्रथिन साकळतं आणि डाग पक्का बसतो. कोरा चहा आणि फिल्टर कॉफी यांना व्हिनेगरचा टप्पा आधी घेतला तरी चालतं.

कॉलरवर काळपट, तेलकट पट्टा बसलाय. दोनदा धुतला, जात नाही.

गार पाण्यात धुतलात ना? खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसला थिजतं. डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते ती त्यामुळेच. निफाडच्या किंवा नागपूरच्या थंडीत नळाच्या पाण्याने धुतलं, तर कॉलरवरचं तेल थिजलेलंच राहतं, वर धूळ चिकटते आणि पट्टा काळा होतो. पाणी कोमट हवं, ३० अंशांच्या आसपास, म्हणजे मनगटावर ना गार ना गरम लागेल असं.

भांड्यांच्या लिक्विडचे थेंब कोरड्या कॉलरवरच लावा, बोटाने अलगद पसरा, पंधरा मिनिटं थांबा, मग कोमट पाण्याने काढा. कोरड्यावर का? आधी पाणी लागलं तर साबणाला तेलापर्यंत पोचायला अडचण होते. कोल्ड क्रीम आणि पेट्रोलियम जेली यांनाही हाच उपाय, पण जेलीसाठी दोन-तीन वेळा करावा लागतो. फाउंडेशनसाठीही हेच.

बाइकच्या चेनचं ग्रीस काळं असलं तरी भाऊबंद यांचाच. पावडर, लिक्विड, कोमट पाणी. ग्रीसमधले धातूचे बारीक कण मात्र राखी सावली सोडून जातात, ती घरी पूर्ण निघेलच असं नाही.

पिसं भरलेलं पफर जॅकेट पाण्यात घालायचं का?

लहान डाग असेल तर अख्खं भिजवू नका. डागाच्या जागचं वरचं कापड चिमटीत ओढून पिसांपासून सुटं करा आणि तेवढंच ओल्या कापडाने साफ करा. बाहेरचं नायलॉन गुळगुळीत असतं, डाग बहुतेक वरच बसतो.

धुवायचंच असेल तर सगळ्या चेन लावा, खिसे रिकामे करा आणि पुढून दार उघडणाऱ्या मशीनमध्ये, हलक्या चक्रावर, सौम्य लिक्विड अगदी थोडं घालून धुवा. विसळणं दोनदा. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये जॅकेटमध्ये हवा भरते, ते तरंगतं, आणि पाणी न सोडणारं कापड स्पिनच्या वेळी पोटात पाणी धरून बसतं. मशीन नाचायला लागतं, कधी बिघडतंही.

खरी कसोटी वाळवताना. ओली पिसं गोळे होऊन बसतात आणि आत ओल राहिली तर कुबट वास येतो. ड्रायर असेल तर कमी उष्णतेवर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाकून फिरवा. नसेल तर सावलीत आडवं पसरा आणि तासातासाने गोळे हाताने फोडा. कोरड्या हवेतही दोन दिवस धरून चाला. फॅब्रिक सॉफ्टनर नको.

पावसाळी किंवा ट्रेकच्या जॅकेटचं काय?

त्यांच्यावर पाणी झटकणारा लेप असतो. नवं असताना पाणी अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळतं. साबणाचे अंश, सॉफ्टनर आणि मळ यांनी तो लेप झाकला जातो. सौम्य लिक्विडने धुऊन भरपूर विसळलं आणि लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरची सौम्य ऊब दिली, की लेप बऱ्यापैकी परत जागा होतो.

सह्याद्रीतला लाल चिखल आणि शेतातली काळी माती, दोन्हींना एकच उपाय?

सुरुवात एकच : पूर्ण वाळू द्या. ओला चिखल पुसला की तो विणीत शिरतो. वाळला की झटका, मऊ ब्रशने काढा, मग धुवा. काळी माती एवढ्यावर जाते. लाल माती मागे नारिंगी सावली ठेवते, कारण तो रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचाच. त्यावर ब्लीच टाकू नका, उपयोग शून्य. नायलॉन, पॉलिस्टरवर लिंबाचा रस दहा मिनिटं ठेवून धुतला तर फिका पडतो.

रक्त?

गार पाणी, पुन्हा गार पाणी. कोमटसुद्धा नको. वाळलेलं असेल तर अर्धा तास गार पाण्याने ओलं ठेवा. पांढऱ्या सिंथेटिकवर औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड टिपता येतं. रंगीत कापडावर ते रंगही उडवतं.

मुलाच्या जॅकेटच्या खिशात पेन फुटलं.

पेन कुठलं, त्यावर सगळं आहे. बॉलपेनची शाई स्पिरिटने किंवा जेल नसलेल्या सॅनिटायझरने सुटते. मागे टिपकागद किंवा जुन्या कापडाची घडी धरा आणि पुढून टिपा, म्हणजे शाई खालच्या घडीत उतरते. फाउंटन पेनची धुता येणारी शाई बरीचशी पाण्यानेच जाते. जेल पेनमध्ये बहुधा रंगद्रव्याचे कण असतात, ते स्पिरिटला फारशी दाद देत नाहीत.

खिशाचं अस्तर ॲसिटेटचं असेल तर नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. त्यातलं ॲसिटोन ॲसिटेटला विरघळवतं. बोटभर शाई काढायला जाऊन हातभर भोक, असा प्रकार मी स्वतः केलेला आहे, तोही मामाच्या कोटावर.

लग्नाच्या घाईत लोकरीच्या शालीला मेंदी लागली.

ओली असतानाच खरवडून गार पाण्याखाली धरली तर वाचाल. वाळली तर नाही. मेंदीतला लॉसोन हा रंग केराटिनला घट्ट धरतो, म्हणून तर केस रंगतात. तुमची शाल त्याच्या लेखी केसच आहे. केसांच्या डायचंही तेच. ड्रायक्लीनरने हमी दिली तरी पैसे आगाऊ देऊ नका.

महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी विथ क्रीम अंगावर सांडली.

क्रीम चमच्याने उचला, गार पाण्याने मागच्या बाजूने धुवा. पुढून धार सोडली तर रंग आत जातो. साबणाने डाग निळसर-जांभळा दिसू लागेल, कारण फळांचा लाल रंगही आम्ल-अल्कलीनुसार बदलतो. लिंबू किंवा पातळ व्हिनेगर टिपलं की तो परत लाल होतो आणि सुटायलाही लागतो. क्रीमची तेलकट खूण राहिली तर भांड्यांचं लिक्विड. द्राक्षं, डाळिंब, जांभूळ यांनाही हेच. सुती कापडावर वरून उकळतं पाणी ओतायची जुनी पद्धत लोकरीवर करू नका.

हुरडा पार्टीहून आल्यावर जॅकेटला काजळी आणि धुराचा वास...

काजळीला पाणी आणि बोट दोन्ही लावू नका, ती काळं पीठ होऊन पसरते. बाहेर नेऊन झटका, व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळी किंचित वर धरून ओढून घ्या, मग धुवा. वासासाठी दोन दिवस वाऱ्यावर, सावलीत टांगा. अत्तर मारलं की धूर आणि अत्तर असा तिसराच वास तयार होतो.

आगटीच्या ठिणगीने नायलॉनला पडलेलं भोक हा डाग नाही, त्याला तंबूच्या कापडाचं चिकटठिगळ लावा. आगटीजवळ लोकरीची घोंगडी बरी, ती सहज पेट घेत नाही.

मेण, च्युइंगम आणि तिळगूळ?

पहिली दोन गारठवायची. जॅकेट पिशवीत घालून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, कडक झालं की उचकटा. मेणाचा उरलेला अंश वर-खाली साधा कागद ठेवून कमी गरम इस्त्रीने कागदात शोषवतात, पण हे नायलॉनवर करू नका. तिळगूळ ओल्या कोमट कापडाखाली पाच मिनिटं ठेवला की आपोआप सुटतो, तीळ मागाहून वेचा.

बहीण टोरांटोला असते. तिच्या कोटाच्या खालच्या काठावर पांढरे डाग पडतात, ते काय?

रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून टाकलेलं मीठ. गाडीच्या दाराला कोट घासला की लागतं. वाळू देऊन झटकायचं आणि व्हिनेगर-पाणी समसमान घेऊन पुसायचं, मग साध्या पाण्याचं कापड फिरवायचं. रोजच्या रोज पुसलं तर पाच मिनिटांचं काम. मोसम संपेपर्यंत साठू दिलं तर ते कापडाला आणि चामड्याला कोरडं करत जातं.

चामड्याचं जॅकेट?

तेलाच्या डागावर कॉर्नफ्लोअर रात्रभर, सकाळी झटका. बाकी ओलं कापड घट्ट पिळून पुसा, एवढंच. खोबरेल लावून चमकवू नका, काळे डाग पडतात. स्वेडवरची घासल्याची खूण साध्या खोडरबराने जाते. शाई लागली असेल तर हात लावू नका, चामडंवाल्याकडे न्या.

पावसाळ्यानंतर माळ्यावरून काढलं तर पांढरी बुरशी!

घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून, कोरडाच ब्रश मारा. मग ऊन. त्यानंतर धुणं. उलट क्रमाने केलंत तर बुरशी घरभर उडते. काळे ठिपके पडले असतील तर ते रंगच खाऊन गेलेले असतात, पूर्ण निघत नाहीत.

व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करून जास्त जोर येतो का?

क्लोरीन वायू येतो. बंद बाथरूममध्ये जिवावर बेतेल. अमोनिया आणि ब्लीचही एकत्र नको. आणि दुकानांच्या पाटीवर ‘पेट्रोल वॉश’ वाचून घरी पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नका. ड्रायक्लीनरकडे त्यासाठी बंद यंत्रं आणि वेगळी द्रावकं असतात.

ड्रायक्लीनरकडे कधी द्यायचं?

आत कॅनव्हास घालून शिवलेला ब्लेझर किंवा ओव्हरकोट, पश्मिना, अस्तर आणि वरचं कापड वेगवेगळं आटेल असं काहीही. देताना डाग कसला आणि तुम्ही त्यावर काय काय लावलंत ते खरं सांगा. लोक डॉक्टरशी आणि लाँड्रीवाल्याशी सारखंच खोटं बोलतात.

नीट धुऊन ठेवलेल्या स्वेटरवर पुढच्या वर्षी पिवळे डाग कुठून आले?

ते धुताना दिसलेच नव्हते. साखरेचं पाणी, फिकट तेल आणि घाम वाळल्यावर रंगहीन असतात, महिनोन् महिने हवेशी संयोग होऊन पिवळे पडतात. कसरही आधी तिथेच लागते, तिच्या अळ्यांना मळलेली लोकर जास्त आवडते. म्हणून एकदाच घातलेला स्वेटरही धुऊन, पूर्ण वाळवून ठेवायचा. टांगायचा नाही, खांदे ओघळतात, घडी घालायची. ड्रायक्लीनरची प्लास्टिक पिशवी काढून सुती चादरीत गुंडाळायचा. डांबरगोळ्या कापडाच्या पुरचुंडीत, कपड्याला न टेकता. आणि तान्ह्या बाळाचे किंवा बाळाला घेणाऱ्यांचे कपडे त्यात ठेवूच नका. जीसिक्सपीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांना नॅप्थालीनच्या, म्हणजे डांबरगोळ्यांच्या, वासाने रक्तपेशी फुटण्याचा त्रास होऊ शकतो. त्यांच्या कपड्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला आणि पावसाळा संपला की एकदा सगळं बाहेर काढून ऊन दाखवा.